आकडा एकट्याने, कारण चारचौघांत

विजूताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. आज आम्ही ब्रिस्बेनपासून दोन तासांवरच्या टूवूंबात आहोत, सुनीताची हॉस्पिटलातली नोकरी टिकली, आमच्या लेकीची, रेवाची, शाळा बदलावी लागली नाही, हे सगळं विजूताईंमुळे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. मिरजेत एका खानावळीच्या भटारखान्यात होतो. बायको नर्स, तिला इथे बोलावणं आलं, तिच्या मागोमाग मी आलो. त्यामुळे मोठ्या माणसाबद्दल कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

विजूताई युनिव्हर्सिटीत काम करायच्या. काय काम ते कळायला मला बरेच दिवस लागले. सुरुवातीला मी लोकांना सांगायचो की त्या सर्व्हे करतात, आणि लोक समजायचे की त्या जमीन मोजतात. एकदा त्यांनाच विचारलं. त्या अंगणात गुलाबाची छाटणी करत होत्या. कात्री न थांबवता म्हणाल्या, "जगावर मोठी संकटं कुठली येऊ शकतात ते मी तज्ज्ञांना विचारते. रोगाची साथ, पिकांवरची कीड, दुष्काळ, वीज जाणं, ही कॉम्प्युटरची नवी हुशारी. किती शक्यता, किती नुकसान."

"पण ते पुस्तकात असेल की."

"जे होऊन गेलं ते पुस्तकात असतं. नदीला पूर किती वेळा आला ते मोजता येतं. जे अजून घडलंच नाही त्याची मोजणी कुठून आणायची? मग त्या गोष्टीच्या आसपास ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना विचारायचं."

"त्यांना माहीत असतं?"

"नसतं. पण त्यांचं माहीत नसणं आपल्यापेक्षा जरा कमी असतं." हे बोलून स्वतःच हसल्या.

उंची बेताची, केस कापलेले, उन्हाची मोठी टोपी. पुण्याच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अमेय मेलबर्नला ट्रुगानिनात. घरी एकट्या. चहा अत्यंत वाईट करायच्या. नाश्त्याला टोस्टवर शेंगदाण्याची चटणी. आणि त्यांच्यासमोर 'नक्की' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "मी नक्की येतो ताई" म्हटलं की चष्मा काढून बघायच्या. "नक्की म्हणजे शंभरात किती?"

'बहुतेक' वर तर त्यांचा दातच होता. गणपतीच्या जेवणाचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना फोन केला की सगळे म्हणायचे, "बहुतेक येऊ." एका वर्षी मी त्या सगळ्या बहुतेकांचा भात लावला आणि निम्मा उरला. पुढच्या वर्षी ताई म्हणाल्या, "मला दे फोन." त्या प्रत्येकाला विचारत होत्या, "तुमच्या बहुतेकमध्ये दहातले किती?" कोणाच्या बहुतेकमध्ये नऊ निघाले, कोणाच्यात तीन. एक कोल्हापूरचे काका म्हणाले, "अहो, बहुतेक म्हणजे येत नाही. तोंडावर नाही कसं म्हणायचं?" ताई इतक्या खूश झाल्या की महिनाभर भेटेल त्याला हे सांगत होत्या. त्या वर्षी मोदक बरोबर पुरले.

ह्या ओळखीवरून त्यांनी मला युनिव्हर्सिटीत त्यांच्या एका बैठकीला चहा-नाश्ता करायला बोलावलं. बटाटेवडे आणि चहा. माझा आग्रह होता चहा मी करणार, त्यांनी किटलीला हात लावायचा नाही. गव्हावरच्या कुठल्याशा किडीची बैठक होती. ती कीड अजून ह्या देशात आलेली नव्हती. आली तर किती पसरेल, हा प्रश्न. देशभरातून आठ-दहा मोठी माणसं आलेली.

मला वाटलं होतं भाषणं होतील. भाषण कोणी केलं नाही. ताईंनी सगळ्यांना लांब लांब बसवलं, परीक्षेला बसवतात तसं, आणि आधी भलतेच प्रश्न विचारले. म्हणजे ह्या गावात गेल्या वर्षी किती पाऊस झाला, अमक्या जिल्ह्यात किती एकर गहू, असले. ह्यांची उत्तरं ताईंकडे होती. मी ट्रे घेऊन उभा होतो, विचार केला, ठाऊक आहे तर विचारता कशाला? नंतर म्हणाल्या, "सोनार सोनं कसाला लावतो ना? कोण किती खात्रीने बोलतो आणि त्या खात्रीत किती तथ्य असतं, ते आधी घासून बघायचं. नाव मोठं असतं म्हणून कस मोठा असतो असं नाही."

मग खरा प्रश्न. प्रत्येकाने एकट्याने सांगायचं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि तुमच्या मते किती. त्यानंतर सगळे आकडे नाव न घेता वाचून दाखवायचे, आणि मग वाद. का कमी, का जास्त. वाद झाला की पुन्हा एकट्याने नवा आकडा. त्यांचं म्हणणंच होतं, "आकडा एकट्याने, कारण चारचौघांत." उलट केलं की मोठ्या आवाजाचा माणूस पहिला आकडा टाकतो आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात.

त्या दिवशी आकडे वाचले तेव्हा पाच जणांचे जवळजवळ एकसारखे निघाले. खोलीत सगळे खूश. एक दाढीवाले प्रोफेसर म्हणाले, "ग्रेट, सहमती आहे." ताईंच्या चेहऱ्यावर मात्र खुशी नव्हती. त्यांनी कागदांवरची नावं बघितली, चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, तुम्ही पाच जण ब्रिस्बेनहून कसे आलात?

एकाच व्हॅनमधून आले होते. दोन तासांचा रस्ता. वाटेत बोलणं झालं होतंच.

"मग ही पाच माणसं झाली नाहीत," ताई म्हणाल्या, "एक व्हॅन झाली." आणि ती फेरी रद्द. दाढीवाले चिडले, म्हणाले आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का कॉपी करायला. ताई म्हणाल्या, "नाही हो. माणसं आहात, म्हणून." आणि मला म्हणाल्या, "दत्तू, ह्यांना आधी वडे दे." त्या पाच जणांना वेगवेगळ्या आठवड्यात एकेकटं फोनवर गाठून त्यांनी सगळं पुन्हा विचारलं. तोपर्यंत वरच्या लोकांचे रिपोर्ट कुठे म्हणून फोन येत होते. ताईंनी रिपोर्ट दिला नाही तो नाहीच.

आता माझ्या भीतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला सगळ्याची भीती वाटते. विमानाची, फोनची, रेवाच्या शाळेतून येणाऱ्या ईमेलची. एकदा मोबाईलवर बातमी वाचली की जगातल्या तज्ज्ञांनी येत्या दहा वर्षांतली मोठी संकटं सांगितली आहेत, अन्न तुटवडा वरच्या क्रमांकावर. मी तांदूळ आणि कणकेच्या गोण्या आणून गॅरेज भरलं. सुनीता कपाळाला हात लावून ताईंना घेऊन आली. ताई गॅरेजमध्ये उभ्या राहिल्या, गोण्यांकडे बघितलं. हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत.

"काय विचारलं होतं त्या तज्ज्ञांना?"

"संकटं कुठली म्हणून."

"तसं नाही. प्रश्न काय होता, वाच."

वाचलं. तुम्हाला सर्वात जास्त काळजी कशाची वाटते, असा प्रश्न होता.

"काळजी विचारली तर माणूस काल वाचलेलं सांगतो. तज्ज्ञसुद्धा. काळजी कशाची वाटते आणि काय घडेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. असले सर्व्हे वाईट नसतात बरं का. कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं. पण ते पंचांग नव्हे." मग एका गोणीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला काळजी कशाची वाटते ते मला माहितीये. तुला काय घडेल असं वाटतं, ते कधी तरी शांतपणे सांग."

तो तांदूळ आम्ही पुढच्या गणपतीपर्यंत खात होतो. रेवा ताट बघून म्हणायची, "डॅड, इज धिस द एंड-ऑफ-द-वर्ल्ड राइस?"

खरी गोष्ट त्यानंतरची. टूवूंबात गाडीशिवाय माणूस लंगडा. बस आहे, पण ती असून नसल्यासारखी. मी घराजवळच्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये चालत जायचो. बाकी सगळं सुनीता चालवायची: स्वतःची ड्यूटी, रेवाची शाळा, भाजी, डॉक्टर. गाडी शिकायचा विषय निघाला की मी भांडी घासायला उठायचो. डोळ्यांसमोर एकच चित्र, मी कोणाला तरी उडवलंय.

एका सकाळी सुनीता नाइट शिफ्ट करून आली आणि बूट न काढताच खाली बसली. म्हणाली, "सिग्नलला डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला म्हणून उठले. सिग्नलला उभी होते म्हणून बरं." मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला बसलो. ती म्हणाली, "दत्तू, एक तर तू गाडी शीक, नाहीतर मी नोकरी सोडते आणि आपण परत जाऊ. मी मरायला आले नाही इथे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नव्हती.

संध्याकाळी मी ताईंच्या दारात. सगळं ऐकून म्हणाल्या, "उद्यापासून." लर्नरच्या परीक्षेची इंग्रजी पुस्तिका त्यांनी माझ्याकडून पाठ नाही, समजून करून घेतली. गाडीला पिवळी एल पाटी लागली. दर शनिवारी-रविवारी सकाळी त्या माझ्या शेजारी बसायच्या. बाकीच्या दिवशी कधी सुनीता, कधी शेजारचा कॉलिन. कॉलिन म्हणजे जन्मभर गुरांचे ट्रक चालवून रिटायर झालेला लांबलचक म्हातारा. तो रस्त्याकडे बघायचाच नाही, सीट मागे करून पडायचा. "यू'ल बी राइट, मेट."

मी काही राइट होत नव्हतो. महिने गेले. हात बसला होता, पार्किंग जमत होतं, पण मध्येच भलतीकडे ब्रेक लागायचा. पहिल्या टेस्टला परीक्षक बाई शेजारी बसली आणि मी रिकाम्या राउंडअबाउटवर गाडी उभी केली. चक्क उभी. फेल. दुसऱ्या वेळी हिरव्या सिग्नलला थांबलो. फेल. सुनीताने त्या दिवशी भारतातल्या एका हॉस्पिटलात नोकरीसाठी फोन केला. लपवून नाही, माझ्यासमोर.

मी ताईंना म्हणालो, "सोडून द्या. मी एकटा निघालो तर शंभरातल्या नव्वद वेळा ठोकणार."

"हा तुझा आकडा?"

"हो."

"बरं. आता ज्यांनी तुला चालवताना पाहिलंय त्यांना विचारू."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्यांनी सुनीताला फोन केला, कॉलिनला आमच्या कुंपणावरून गाठलं, वेगवेगळं. एकमेकांशी बोलायचं नाही अशी तंबी. कॉलिनने विचारलं, "इज धिस फॉर द यूनी?" ताई म्हणाल्या, "धिस इज मच मोअर सीरियस." स्वतःचंही मत त्यांनी इतरांचं ऐकायच्या आधीच ठरवून ठेवलं. प्रश्न एकच. दत्तू एकटा हॉस्पिटलपर्यंत शंभरदा गेला, तर किती वेळा काही गडबड होईल? कमीत कमी, जास्तीत जास्त, तुमच्या मते. आणि का.

रविवारी ताईंच्या अंगणात आम्ही सगळे बसलो. वडे माझे, चहा दुर्दैवाने त्यांचा. आकडे नाव न घेता वाचले गेले. तिन्ही वेगळे होते, पण सगळ्यात मोठासुद्धा माझ्या नव्वदाच्या जवळपास नव्हता. मी म्हणालो, "तुम्ही माझं मन राखताय."

"आकड्यांचं सोड," ताई म्हणाल्या. "कारणं ऐक."

पहिलं: गाडी नीट चालवतो, पण प्रत्येक वळणाआधी शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो. दुसरं: शेजारी नुसतं खोकलं तरी ब्रेक मारतो. तिसरं इंग्रजीत होतं, म्हणजे कोणाचं ते कळलंच. "ही ड्राइव्ह्ज मी, नॉट द कार." म्हणजे हा गाडी नाही, मलाच चालवतो.

कॉलिन वडा खाता खाता थांबला.

"तीन माणसं," ताई म्हणाल्या, "एका व्हॅनमधून आलेली नाहीत. तिघांनी एकच पाहिलं. तू समोरचा रस्ता बघून थांबत नाहीस दत्तू, शेजारचा काय म्हणेल ते बघून थांबतोस. म्हणून टेस्टला फेल होतोस, तिथे तर शेजारी परीक्षकच बसते. आणि म्हणून तू एकटा असशील तेव्हाच सगळ्यात चांगला चालवशील. हे तिघांनीही म्हटलंय."

मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही. शाळेत मास्तरांच्या तोंडाकडे, खानावळीत मालकाच्या, इथे आल्यावर सगळ्यांच्याच. बरोबर केलं ना, हे विचारत माझा जन्म गेला होता. आणि ते मला मुद्दाम वेगवेगळं विचारलेल्या तीन माणसांकडून कळलं. सुनीता पुढे झाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दत्तोबा, खोकल्याचं कारण माझं होतं हं."

पुढच्या शनिवारपासून ताईंनी गाडीत बोलणं बंद केलं. 'हं' सुद्धा नाही. तोंड खिडकीकडे, टोपी खाली ओढलेली, म्हणजे मला चेहरा दिसायलाच नको. पहिल्या दिवशी मी चौकात विचारलं, "ताई, जाऊ का?" उत्तर नाही. मागून हॉर्न. गेलो. दुसऱ्या चौकात विचारलं नाही.

त्याच सुमारास अमेय आईकडे आला होता. मला घरी सोडताना म्हणाला, "दत्तूकाका, आई तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसते? सीरियसली?"

"हो. का?"

"ती पुढे बसतच नाही. बाबांचा ॲक्सिडेंट झाला तेव्हा ती त्यांच्या शेजारी होती. तेव्हापासून स्वतः चालवेल, नाहीतर मागे बसेल. माझ्या गाडीतपण मागेच."

मी ताईंना विचारायला गेलो. त्या गुलाबांना पाणी घालत होत्या.

"तुम्हाला भीती वाटत नव्हती?"

"वाटत होती ना."

"मग?"

"शिकवणाऱ्याला पुढेच बसावं लागतं. कायदा आहे."

"तुमचा आकडा किती होता ताई? त्या तिघांतला कुठला तुमचा?"

त्यांनी पाइपचं तोंड दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. "ते सांगायचं नसतं. दुसऱ्याचा आकडा ऐकला की आपला हलतो." आणि मग पाइप बंद करताना, "कमी करत आले होते रे प्रत्येक शनिवारी."

तिसऱ्या टेस्टला मी पास झालो. परीक्षक बाई कुठली होती, कशी होती, मला आजही सांगता येणार नाही, मी तिच्याकडे बघितलंच नाही. आमचं गाव घाटमाथ्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे धुकं होतं. ताईंना फोन करून विचारावं असं फार वाटलं, की अशा धुक्यात काढू का गाडी. केला नाही. दिवे लावले, हळू गेलो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सुनीता नाइट संपवून बाहेर आली, शेजारी बसली, पट्टा लावला आणि गाडी सुरू होण्याआधी झोपली. घरापर्यंत उठली नाही. भारतातल्या त्या हॉस्पिटलचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

गेल्या वर्षी ताई रिटायर झाल्या आणि ट्रुगानिनाला अमेयकडे जायला निघाल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी गावाच्या कडेला त्यांना नेलं, पश्चिमेच्या बाजूला, जिथून पुढे नुसती सपाट शेतं दिसतात. त्या मागच्या सीटवरून उतरल्या. हो, मागच्याच. पट्टा काढताना म्हणाल्या, "आता तू शिकलास. आता मी माझ्या जागेवर."

टोपी सावरत त्या तिकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "गंमत सांगू? ह्या पलीकडच्या गावांतल्या दुष्काळाचे आकडे मी किती जणांना विचारले. विहिरी आटल्या तर काय, माणसं गाव सोडतील का, किती सोडतील. त्यातलं एकसुद्धा गाव पाहिलं नाही. तिकडे ट्रेन जात नाही, विमान परवडत नाही, आणि एवढा लांबचा रस्ता एकटीने चालवणं झेपलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत जायचं तर..." आणि गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या.

दुसऱ्या दिवशी अमेयची गाडी निघाली. मागच्या काचेतून त्यांची टोपी दिसत होती. चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं, हात केला, आणि मग पुन्हा समोर बघायला लागल्या.

विजूताई, मला इंग्रजी रिपोर्ट वाचता येत नाहीत, तुमच्या कामाला माझा काही उपयोग नाही. पण तो पश्चिमेकडचा रस्ता मी आता थोडा थोडा बघून ठेवतोय. कुठे पेट्रोल मिळतं, कुठे सावलीला थांबता येतं, कुठे गुरांचे ट्रक फार. कॉलिन सगळं सांगतो. पावसाळा चांगला झाला की या. सुनीता डबा देईल, चहा मी करीन. तुम्ही मागे बसा, पाय वर घेऊन बसा, झोपा हवं तर. त्या गावांपर्यंत मी तुम्हाला नेईन आणि परत आणीन. नक्की. आणि नक्की म्हणजे शंभरात किती ते विचारू नका, ह्या एका बाबतीत मी आकडा सांगणार नाही.